गोष्ट नियमांतच असते

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांबद्दल एक वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याला आता सुविचाराची कळा आली आहे: सिस्टीम कुठलीही असू दे, डीएम चांगला हवा. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतंच: नियम फार मनावर घेऊ नका, गोष्ट महत्त्वाची. नवी मुंबईत वाशी-नेरूळपासून खारघरपर्यंत जिथे जिथे हे खेळ रंगतात, तिथे नव्या खेळाडूला पहिल्याच दिवशी हा दिलासा मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तीनशे पानांचं इंग्रजी पुस्तक बघून समोरचा बिचकू नये, एवढंच त्याला हवं असतं. पण दिलासा म्हणून सांगितलेली ही गोष्ट हळूहळू सिद्धांत होऊन बसली आहे, आणि सिद्धांत म्हणून ती उथळ आहे. तिच्यामुळे आपले खेळ एकसुरी झाले, डीएम थकले आणि टेबलावरच्या गरीब स्वभावाच्या माणसांचा आवाज गेला, असं माझं मत आहे. ते मत मी इथे क्रमाने मांडणार आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण, ज्याला डीएम (डंजन मास्टर), जीएम (गेम मास्टर) किंवा नुसतं मास्टर म्हणतात, तो काल्पनिक जग आणि त्यातली इतर सगळी माणसं सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राचे निर्णय घेतात. सगळं बोलण्यातून घडतं आणि पुढे काय होणार याची शंका आली की फासे पडतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून विकायला काढलं, तेव्हापासून या खेळाला छापील नियम आले.

माझं म्हणणं असं. बुद्धिबळात राजा कुठे उभा आहे ते डोळ्यांना दिसतं. इथे सगळ्यांनी बघावा असा पट बहुतेक वेळा नसतोच. तटावर चढलेला माणूस खरंच वर पोचला का, हे फक्त बोलण्यात असतं. मग कुणाचं बोलणं खरं धरायचं, कशासाठी काय किंमत मोजायची आणि काय केल्याने पात्र मोठं होतं, हे तीन प्रश्न प्रत्येक सेशनला पुन्हा पुन्हा सोडवावे लागतात. त्यांची आधी ठरवून ठेवलेली उत्तरं म्हणजे नियम. ही उत्तरं बदलली की गोष्ट बदलते. त्यामुळे नियम बाजूला ठेवून गोष्टीकडे लक्ष द्या, हे सांगणंच अर्थहीन आहे.

१. एकच तट, चार खेळ

मोघम बोलण्यापेक्षा एक प्रसंग घेऊ. साल १७३३. बेलापूरचा किल्ला पोर्तुगिजांच्या ताब्यात आहे. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलातून एक मराठा हेर तटाखाली पोचला आहे. वर पहारा आहे. त्याला आवाज न करता वर चढायचं आहे. हा प्रसंग चार सिस्टीममधून चालवून बघू.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत डीएम अवघडपणाचा आकडा ठरवतो, समजा १५. हेराच्या ताकदीचे आणि सरावाचे मिळून ५. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त पडायला हवेत. शक्यता ५५ टक्के. या फाशावर एकपासून विसापर्यंत प्रत्येक आकडा सारख्याच वेळा पडतो, दर आकड्याला ५ टक्के. म्हणजे आयुष्यभराच्या कौशल्याचं वजन पाच आणि नशिबाचं वजन वीस. चढला तर चढला, नाही तर नाही. नाही चढला तर पुढे काय, याबद्दल नियम बरेचसे गप्प आहेत. ते डीएमने बघून घ्यायचं.

सँडी पीटरसनचा 'कॉल ऑफ कथुलू' १९८१चा. तिथे हेराच्या कागदावर लिहिलेलं असतं: चढणे, ४० टक्के. शंभरात चाळीस किंवा कमी पडले तर यश. काम अवघड असेल तर निम्मे म्हणजे २०, फारच अवघड असेल तर पाचवा हिस्सा म्हणजे ८. माणूस मुळात दुबळा आहे हे त्या आकड्यातच लिहिलेलं आहे. पण अलीकडच्या आवृत्तीत एक जबरदस्त नियम आला. रोल फसला तर खेळाडू पुन्हा प्रयत्न करू शकतो. मात्र आता मी वेगळं काय करतोय हे सांगायचं आणि दुसऱ्यांदा फसलं तर आणखी वाईट होणार हे मान्य करायचं. भयकथेत माणूस स्वतःच्या हट्टाने खड्ड्यात जातो. हा नियम तो हट्ट खेळाडूच्या हातात देतो. डीएमने वर्णन कितीही भेसूर केलं तरी त्याने ही गोष्ट साधत नाही.

तिसरी सिस्टीम व्हिन्सेंट आणि मेगे बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ची, २०१०ची. दोन साधे फासे. १० किंवा वर: काम फत्ते. ६ किंवा खाली: गोष्टीची सूत्रं मास्टरकडे. मधले ७ ते ९ पडले तर काम होतं, पण मास्टर समोर एखादा नकोसा सौदा ठेवतो. आपल्या हेराला १चा फायदा आहे असं धरलं तर ३६ शक्यतांपैकी १० पूर्ण यशाच्या, १० अपयशाच्या आणि १६ या मधल्या. म्हणजे सर्वांत जास्त वेळा घडणार ते हेच: वर पोचलास, पण कमरेची कट्यार खाली चिखलात पडली, किंवा वर पोचलास, पण मागून येणारा सोबती बुरुजावरच्या पहारेकऱ्याला दिसला, आता तू सांग, त्याला वाचवायला ओरडतोस की गप्प राहतोस? पाचव्या आवृत्तीत हा प्रश्न आला तर डीएमच्या कृपेने येतो. इथे तो गणिताने येतो, आणि येतच राहतो.

चौथी जॉन हार्परची 'ब्लेड्स इन द डार्क', २०१७ची. फासा हातात घेण्याआधीच ठरवायचं की परिस्थिती किती धोक्याची आहे आणि यश मिळालं तर ते किती मोठं असेल. दोघांनी मोकळेपणी बोलून. शिवाय खेळाडू मनावरचा ताण थोडा वाढवून घेऊन म्हणू शकतो: काल संध्याकाळी मी या पहारेकऱ्याला गाठून चार नाणी दिली होती. आणि ती भूतकाळातली भेट तिथल्या तिथे खेळली जाते. हेरगिरीची गोष्ट करायची आणि तयारीच्या बैठकीत दोन तास घालवायचे, ही सगळ्या टेबलांची जुनी डोकेदुखी या एका नियमाने मिटते.

तट एकच, हेर एकच. पहिल्या खेळात आपण त्याचं नशीब पाहिलं, दुसऱ्यात त्याचा हट्ट, तिसऱ्यात त्याला कशावर पाणी सोडायला लागतं ते आणि चौथ्यात त्याची धूर्तता. या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही वेळा फरक नियमांनीच पाडला.

२. बक्षीस कशाचं मिळतं

दुसरी पायरी याहून महत्त्वाची. माणसं त्याच दिशेने खेळतात ज्या दिशेने त्यांचं पात्र वाढतं. १९७४च्या मूळ खेळात भुयारातून बाहेर आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक गुण मिळायचा आणि राक्षस मारण्याचे गुण त्यामानाने तुटपुंजे होते. परिणाम उघड आहे. शहाणा खेळाडू लढाई टाळायचा, राक्षसाला चकवायचा, लाच द्यायचा, झोपू द्यायचा. पुढे सोन्याचे गुण मागे पडले आणि अनुभव मुख्यतः मारण्यातून मिळू लागला. त्याच नावाचा खेळ, तीच भुयारं, तेच राक्षस. पण आता तलवार आधी निघते. खेळाडू अधिक हिंसक झाले, असं मला वाटत नाही. जमाखर्चाची वही बदलली, एवढंच.

ग्रेग स्टॅफर्डच्या १९८५च्या 'पेंड्रॅगन'मध्ये सरदाराच्या कागदावर निष्ठा, कुटुंबावरची माया, एखाद्याचा द्वेष यांना आकडे आहेत. शौर्य आणि भित्रेपणा ही जोडी अशी की दोन्हींची बेरीज नेहमी वीस. एक वाढलं की दुसरं घटणार. अशा तेरा जोड्या. त्या टेबलावर खेळाडू तासभर तलवार न काढता बसतात आणि कुणाला कंटाळा येत नाही, कारण धन्याला दिलेला शब्द आणि भावावरची माया यांतलं काय जड होतं हे तिथे फाशावर लागलेलं असतं.

उलट उदाहरण आपल्या जवळचं आहे. १९८० साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी 'डीटीज अँड डेमिगॉड्स' नावाचं पुस्तक निघालं. त्यात ग्रीक, नॉर्स देवांच्या रांगेत इंद्र, अग्नी, रुद्र हेही होते, प्रत्येकाला हिट पॉइंट (किती मार सोसेल) आणि आर्मर क्लास म्हणजे एसी (वार लागणं किती अवघड) लावून. बऱ्याच जणांना यात देवांचा अपमान दिसतो. मला त्यात नियमांची सत्ता दिसते. ज्याला हिट पॉइंट आहेत तो मारता येतो, आणि जो मारता येतो त्याच्याकडे खेळाडू कधी ना कधी तलवार घेऊन जातोच. तुम्ही वर्णनात त्याला कितीही नमस्कार घाला, कागदाने तो आधीच शत्रू ठरवलेला असतो. इंद्राला वचनात अडकवता येतं, त्याचं आसन डळमळतं, तो तपाला घाबरतो. आपल्या कथांमधला इंद्र हा आहे. त्याला त्या पुस्तकात रकानाच नव्हता.

नियमांतून जगाबद्दलचं मत सांगणं ही कल्पना परदेशातून आलेली नाही. महाराष्ट्रात मोक्षपट होता. परंपरा त्याचा उगम थेट ज्ञानेश्वरांकडे नेते. कवड्या टाकायच्या, सद्गुणाच्या घरातून शिडीने वर, दुर्गुणाच्या घरातून सापाच्या तोंडातून खाली, शेवट मोक्षाच्या घरात. अनेक जुन्या पटांवर शिड्या कमी आणि साप जास्त. खेळाडूला निवड शून्य. कवड्या देतील तितकीच घरं चालायची. आजच्या भाषेत कुणी म्हणेल, हा कच्च्या डिझाइनचा खेळ. मला तो फार नेमका वाटतो. घसरणं सोपं, चढणं दुर्मीळ आणि आपल्या हातात वाटतं तितकं नाही, हे तिथे कुणी प्रवचनात सांगत नाही. घरातलं लहान मूलही ते कवड्या टाकता टाकता भोगून घेतं. याच पटाची इंग्लंडमध्ये सापशिडी झाली तेव्हा हळूहळू घरांची नावं गेली, साप आणि शिड्यांचं प्रमाण सैल झालं आणि म्हणणं संपून नुसता वेळ घालवणं उरलं. गोष्ट काढून घेतली म्हणून असं झालं नाही. नियम बदलले म्हणून गोष्ट निघून गेली.

३. 'डीएम चांगला असला की झालं'

आता मुख्य आक्षेप. अनुभवी माणसं म्हणतात: तुझी सगळी उदाहरणं बरोबर, पण चांगला डीएम हे सगळं पाचव्या आवृत्तीतही करतो. मधलं यश देतो, नकोसे सौदे समोर ठेवतो, देवाला तलवारीने मरू देत नाही. मग सिस्टीमचं एवढं काय?

करतो, हे खरं आहे. पण तो ते करतो तेव्हा त्याने बेकर दांपत्याचा नियम न सांगता आपल्या टेबलावर आणलेला असतो. नियम गेले नाहीत. पुस्तकातून उठून एका माणसाच्या डोक्यात गेले. या स्थलांतराचे तीन तोटे आहेत आणि तिसरा मला सर्वांत जास्त टोचतो.

पहिला तोटा इतिहासातून कळतो. या खेळाचं एक मूळ प्रशियाच्या सैन्यात आहे. १८२४मध्ये राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे तपशीलवार नियम छापले: तक्ते, फासे, अंतरं, नुकसान. ते इतके किचकट की १८७६मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या सेनानीने सुचवलं, तक्ते राहू द्या, पंचाने आपल्या अनुभवावरून निकाल द्यावा. नियमांपेक्षा पंच मोठा म्हणणारे याच उदाहरणाचा आधार घेतात. पण तो पंच कोण होता ते बघा. खरं युद्ध पाहिलेला अधिकारी. आणि समोरचे खेळाडू त्याच सैन्यातले, त्याच शिस्तीत शिकलेले. तोफखान्यासमोर पायदळ किती वेळ टिकेल याचं उत्तर त्या खोलीत सगळ्यांना साधारण सारखंच ठाऊक होतं. न छापलेला नियम तिथे सामाईक होता. आमच्या टेबलावर कोण असतं? बँकेतली एक, आयटीतले दोघे, बारावीचा एक मुलगा. ड्रॅगनच्या आगीत लाकडी ढाल किती वेळ टिकते, याचा सामाईक अनुभव त्यांच्यात कुठून येणार? प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा सिनेमा असतो. तिथे पंचाचं मत म्हणजे फक्त पंचाचं मत.

दुसरा तोटा व्यवहाराचा. नवी मुंबईतले ग्रुप नोकऱ्यांबरोबर हलतात. डीएमला पुण्याला बदली मिळते, कुणी कॅनडाला जातं, कुणाला बाळ होतं. ज्या ग्रुपचे नियम एका माणसाच्या डोक्यात असतात तो ग्रुप त्या माणसाबरोबर संपतो. राहिलेल्यांत हुशार लोक असतात, पण 'आपल्याला त्याच्यासारखं जमणार नाही' म्हणून कुणी ती खुर्ची घेत नाही. प्रतिभेची पूजा केली की वारसदार तयार होत नाहीत. याउलट नियम सांगतात की आता प्रश्न विचार, आता धोका दाखव, आता त्यांच्याकडून काहीतरी हिरावून घे, तेव्हा साधा माणूसही पहिल्याच सेशनला बरा मास्टर ठरतो. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये मास्टरने काय काय करायचं याची स्पष्ट यादी आहे आणि मास्टर स्वतः कधीच फासे टाकत नाही. हे काही कमी उपकार नाहीत.

तिसरा तोटा आपल्या समाजाचा आहे. आपल्याकडे टेबलाभोवती बसलेली माणसं एका पातळीवर नसतात. डीएम बहुतेक वेळा ग्रुपमधला मोठा मुलगा, मामेभाऊ, कॉलेजातला सीनियर किंवा ज्याच्या घरी खेळतो तो यजमान. 'दादा म्हणतोय ना, मग असेल' हे वाक्य खेळाच्या बाहेरून येतं आणि खेळात ठाण मांडतं. अशा ठिकाणी नियम गौण आहेत असं सांगणं म्हणजे दादाचा शब्द अंतिम आहे, हे वेगळ्या तोंडाने सांगणं. मी हे टेबल अगदी जवळून पाहिलं आहे. डीएमने घाईघाईत सांगून टाकलं: भाला लागला, तुझी जादूगार कोसळली. सर्वांत लहान मुलगी तोवर जेमतेम दोन वाक्यं बोलली होती. तिने कागदावर बोट ठेवलं: 'थांब दादा, माझी रिअ‍ॅक्शन शिल्लक आहे. शील्डचा मंत्र टाकते. एसी पाचने वाढला, वार लागत नाही.' डीएमने पुस्तक उघडलं, वाचलं आणि म्हणाला, 'बरोबर आहे गं.' गोष्ट उलटी फिरली. त्या मुलीकडे वय नव्हतं, आवाज नव्हता, गोष्ट सांगायची हातोटी नव्हती. तिच्याकडे छापलेली एक ओळ होती, आणि ती पुरली.

द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्नही नियमाचाच होता: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? सभेत वडीलधारे भरपूर होते, जाणते होते. भीष्मांसारख्याने धर्माची गती सूक्ष्म असते म्हणून निर्णय टाळला, आणि बाजू घेतली ती वयाने लहान असलेल्या विकर्णाने. जिथे नियम पंचाच्या मनात असतो तिथे दुबळ्याला पंचाच्या भलेपणावर जगावं लागतं. मला असं टेबल नको आहे, डीएम कितीही भला असला तरी.

डीएमने आपल्या पडद्याआड पडलेला फासा गुपचूप बदलून 'गोष्टीसाठी' निकाल फिरवण्याबद्दलही माझं मत याच कारणाने कठोर आहे. नियम बदलायचा असेल तर जरूर बदला. फासा पडण्याआधी, सगळ्यांसमोर, मोठ्याने. पडल्यानंतर बदललेला नियम म्हणजे इतरांचा निर्णय चोरणं आहे.

४. मग उत्स्फूर्ततेचं काय?

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो. २०१५पासून 'क्रिटिकल रोल' हा याच खेळाचा ऑनलाइन कार्यक्रम बघून आणि २०१६च्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेनंतर कुतूहलाने जी नवी पिढी या खेळात आली, तिच्या डोळ्यांसमोर अभिनय आहे. 'क्रिटिकल रोल'मधली ती माणसं व्यावसायिक आवाज-कलाकार आहेत. त्यांचं रंगलेलं नाट्य पाहून वाटतं की जादू माणसांत आहे, नियम अडगळ. आकडेमोड मध्ये आली की तंद्री मोडते, ही तक्रार त्यातूनच येते. उत्स्फूर्त नाट्याला नियम कशाला?

याचं उत्तर सिंधुदुर्गातल्या दशावतारात आहे. नवी मुंबईत कोकणातली इतकी कुटुंबं आहेत की आमच्यातल्या बऱ्याच जणांनी गावच्या जत्रेत रात्र जागवून तो पाहिलेला असतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कोणतं आख्यान लावायचं आणि कुणी कोणता पार्ट करायचा हे ठरतं, आणि नट रंगमंचावर जाऊन संवाद तिथल्या तिथे बोलतात. यापेक्षा उत्स्फूर्त काय असणार? पण त्या उत्स्फूर्ततेखाली काय आहे ते नीट बघा. आधी गणपती, मग संकासुर, मग मुख्य आख्यान, हा क्रम ठरलेला. राजपार्ट कसा प्रवेश करणार, खलपार्ट कोणत्या पट्टीत गर्जना करणार, स्त्रीपार्टाने पदाची सुरुवात केली की हार्मोनियमवाल्याने कुठे उचलायचं, लढाईत झांज कधी तापवायची, सगळं ठरलेलं. खलपुरुषाला शेवटी हरायचं आहे हे त्यालाही माहीत असतं आणि म्हणूनच तो मधल्या वेळात जीव तोडून माज करू शकतो. नियम इतके मुरलेले आहेत की ते दिसत नाहीत. नट लहानपणापासून ते बघत वाढलेला असतो, पाहणारेही तेच बघत वाढलेले असतात.

आमच्या टेबलांना असं मुरलेलं काहीच वारशात मिळालेलं नाही. जे रक्तात नाही ते कागदावर असावं लागतं. तंद्री मोडते ती नियमांमुळे नव्हे, गोष्टीशी नातं नसलेल्या नियमांमुळे. आपल्या हेराला 'तू सांग, ओरडतोस की गप्प राहतोस' असं विचारणारा नियम तंद्री मोडत नाही, तो ती घट्ट करतो.

५. पानं मोजू नका

यावरून कुणी समजेल की मी जाड पुस्तकांची वकिली करते आहे. तसं नाही. पाचव्या आवृत्तीची मुख्य तीन पुस्तकं मिळून जवळजवळ हजार पानं होतात. हार्परचाच 'लेझर्स अँड फीलिंग्ज' एका पानाचा आहे: पात्राकडे २ ते ५मधला एकच आकडा, डोक्याने करायच्या कामाला त्याच्या खाली फासा हवा, मनाने करायच्या कामाला त्याच्या वर. एकात तरबेज असलेला दुसऱ्यात कच्चा राहणारच. एका पानात माणसाबद्दल एवढं ठाम विधान हजार पानांतही सहज सापडत नाही. नियम कमी असणं आणि नियम ढिले असणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या शहरातच याचा दाखला आहे. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेजची वसाहत रचली. सात-सात घरांचे पुंजके, प्रत्येकाला मधलं छोटं अंगण. आणि एक कडक अट: कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नसावी. त्या एका अटीमुळे शेजाऱ्याला न विचारता प्रत्येकाला घर वाढवता आलं. आज तिथे मूळ रूपातली घरं शोधावी लागतात. लोकांनी मजले चढवले, पाडून नवीन बांधली. काहींना हे नियोजनाचं अपयश वाटतं. मला वाटतं, चांगला नियम असाच चालतो. तो थोडक्या जागी ताठ राहतो आणि बाकी सगळं राहणाऱ्यांवर सोपवतो.

६. आपली गोष्ट कुणाच्या नियमांवर?

मग नवी मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपची सुरुवात पाचव्या आवृत्तीनेच का होते? कारण तीच दुकानात दिसते, तिचेच व्हिडिओ सापडतात, तीच सगळ्यांना येते. ही बाजाराची कारणं आहेत, गुणवत्तेची नव्हेत. बाजाराच्या भरवशावर राहणं किती कच्चं आहे ते जानेवारी २०२३मध्ये दिसलंच. तिच्या प्रकाशकांनी २०००पासूनचा खुला परवाना बदलायचा घाट घातला, जगभरच्या खेळाडूंनी ओरड केली आणि महिना संपायच्या आत मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा करावा लागला. चांगलं झालं. पण मोकळे झाले ते नियम सोनं, तलवार आणि भटक्या वीराचेच.

त्यांत आपल्या गोष्टी बसवायचे प्रामाणिक प्रयत्न झाले आहेत. २०२२च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या संग्रहात मिमी मंडल यांनी बंगालच्या मातीतून घडवलेला एक प्रदेश आणि साहस लिहिलं. माणसं, नदी, जंगल ओळखीची वाटतात आणि एवढ्या मोठ्या प्रकाशनात ती आली याचा मला आनंद आहे. पण खाली इंजीन तेच. रोल त्याच गोष्टींसाठी, पात्र वाढतं त्याच कारणांनी. वेष बदलणं सोपं आहे, हिशोब बदलणं कठीण.

आपल्या गोष्टींत माणूस एकटा भटकत नाही. त्याच्यामागे घर असतं, देणं असतं, शब्द दिलेला असतो, बहिणीचं लग्न असतं. पाचव्या आवृत्तीत हे सगळं पार्श्वभूमी म्हणून एका रकान्यात लिहितात आणि पुढे कुणी वाचत नाही. रॉबिन लॉझ यांच्या २०१३च्या 'हिलफोक'मध्ये मात्र मुख्य नियमच असा की एक पात्र दुसऱ्याकडे मनातलं काहीतरी मागतं, मान, माफी, कबुली. समोरच्याने नाकारलं तर मागणाऱ्याला टोकन मिळतं आणि पुढे ते वापरून तो समोरच्याला झुकवू शकतो. एकत्र कुटुंबाची गोष्ट या नियमावर उभी राहते. कुणी मराठीत खेळ लिहायला बसलं तर मी त्याला ड्रॅगनच्या जागी वेताळ घालण्याआधी हा नियम वाचायला सांगेन.

सध्या आमचा ग्रुप वारीवर एक खेळ रचतो आहे. पहिली अडचण लगेच आली. लढाईत कोण आधी, हे ठरवायचा फासा इथे निरुपयोगी, कारण दिंड्यांना क्रमांक ठरलेले असतात आणि पुढे जाण्यात काही कमाईही नाही. बक्षीस कशाचं द्यायचं यावर आमचं अजून एकमत नाही. चालण्याला गुण दिले तर सगळे नुसतं चालतात. पण एक नियम मात्र आयता मिळाला. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, आणि तिचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. आम्ही तो जसाच्या तसा घेतला: मुक्कामाचा प्रसंग आला की सगळे गप्प, ज्याच्या पात्राचं काही अडलं आहे, दुखलं आहे, त्याने टेबलावर बोटाने ठेका धरायचा, आणि तो थांबेपर्यंत मास्टरला दुसरा दिवस सुरू करता येत नाही. तक्रारीचा निवाडा कुणी करायचा, मास्टरने, मतदानाने की फाशाने, यावर गेल्या दोन्ही सेशनना वाद झाला. माझं मत आहे की निवाडा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाती द्यावा, मात्र त्याने नकार दिला तर दुसऱ्या दिवशी तक्रारदाराचं ओझं त्याने वाहायचं. पुढच्या शनिवारी ते खेळून बघणार आहोत.